तीनशे वर्षांनी कुबडी कशाला?

भविष्यातल्या गोष्टींत अपंग पात्रं कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी या प्रश्नाचं उत्तर मी उभ्याउभ्या देते, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात कुबडी, आणि ते दरवेळी अर्धवटच राहतं.

विज्ञानकथांवर बोलायला नागपुरातली कॉलेजं मला अधूनमधून बोलावतात. आयुष्यभर ज्या मालिका पाहिल्या त्यांच्याविषयी तासभर बोलते. शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं की तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एक हात वर येतोच. "मॅडम, तोवर तर सगळंच बरं होऊन जाईन नं? मग यानावर आंधळा इंजिनिअर कशाला दाखवून राहिले?" मुलगा भला असतो. विचारता विचारता त्याची नजर माझ्या डाव्या पायावर जाते, तिथून उडते आणि छताच्या पंख्यावर जाऊन बसते.

डावा पाय पोलिओचा. १९७४ साली, मी सव्वा वर्षाची असताना ताप आला आणि उतरताना पाय घेऊन गेला, असं आई सांगायची. थोडी मोठी झाले तेव्हापासून कॅलिपर. तुम्ही कदाचित पाहिलंही नसेल. मांडीपासून बुटापर्यंत दोन बाजूंना दोन धातूच्या पट्ट्या, मध्ये चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी कडी. उभं राहिलं की कडी खाली सरकते, टक् आवाज होतो आणि पाय खांबासारखा ताठ. बसायचं तर कडी वर उचलायची. शांत सभागृहात तो टक् शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना साइड व्हीलच्या स्कूटरवरून बर्डीला जाऊन आले की पट्टीला हात लाववत नाही, आणि चामड्याखाली घामोळ्या. एवढं वर्णन अशासाठी, की ते पुढे लागणार आहे.

तो आंधळा इंजिनिअर म्हणजे जॉर्डी ला फोर्ज. अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळयानावरच्या मालिकेतला, म्हणजे चोविसाव्या शतकातला. जन्मांध. डोळ्यांवर सोनेरी पट्टी, तिचं नाव व्हायझर. तिच्यातून त्याला आपल्याला न दिसणाऱ्या लहरीसुद्धा दिसतात. लोकांना एवढंच आठवतं आणि ते म्हणतात, बघा, प्रश्न मिटला की नाही यंत्रानं!

मला आठवतो तो पहिल्याच भागातला छोटासा प्रसंग. यानावरची डॉक्टर त्याला तपासते आणि विचारते, अजून दुखतं का? व्हायझर घातलं की त्याला दुखतं. सतत. ती दोन उपाय सुचवते. एक, वेदनाशामक औषधं. दुसरा, मेंदूचा तेवढा भाग बधिर करणारी शस्त्रक्रिया. दोन्हींमुळे दिसण्यात फरक पडणार, म्हणून तो दोन्हींना नाही म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. संपला प्रसंग.

मी खुर्चीत सरळ झाले होते. कारण माझ्या कॅलिपरचंही हेच. आत जास्त गादी लावली तर टोचणं कमी होतं, पण पाय आत हलायला लागतो आणि तोल जातो. घट्ट बांधलं तर पाय धरून राहतो आणि संध्याकाळी मांडीवर वळ. तोल आणि वळ यांतलं एक रोज सकाळी निवडायचं. हे कुणा डॉक्टरनं मला कधी विचारलं नव्हतं, आणि टीव्हीवर चोविसाव्या शतकातली एक बाई एका माणसाला विचारत होती.

या पात्राला नाव मिळालं ते जॉर्ज ला फोर्ज नावाच्या खऱ्या चाहत्यावरून. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, १९७५ मध्ये तो गेला. आणि व्हायझर सुचलं ते बायकांच्या केसांना लावायच्या क्लिपवरून! ते घातल्यावर लवार बर्टन या नटाला जेमतेम दिसायचं, डोकं दुखायचं ते वेगळंच. आंधळ्याला डोळस करणाऱ्या यंत्रानं डोळस नटाला आंधळं केलं. पुढे १९९६ च्या चित्रपटात ते काढून डोळ्यांतच रोपण केल्याचं दाखवलं. नट सुटला बिचारा.

पण तुमचा प्रश्न 'कशाला' असा आहे.

दोनेक वर्षांपूर्वी माझा चांगला पाय, म्हणजे उजवा, दमायला लागला. जिना चढताना मध्येच थरथरायचा. एका मोठ्या दवाखान्यात गेले. तपासणारा डॉक्टर तिशीचाही नसेल. त्यानं डावा पाय पाहिला, पुन्हा पाहिला, मग दारातून बाहेर डोकावून आणखी तिघांना बोलावून आणलं. "पोलिओ," तो त्यांना म्हणाला, गोरेवाड्याला वाघ दिसल्यावर गाइड म्हणतो त्या सुरात. एका मुलीनं परवानगी मागून पोटरी दाबून पाहिली. मग त्यानं मला विचारलं, "मॅडम, हे आम्ही पुस्तकातच वाचलंय. तुम्हीच सांगा, नेमकं काय होतं?"

मग मीच सांगितलं. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. ज्या वाचतात त्या फांद्या फोडून अनाथ झालेले तंतू सांभाळतात. एकीनं चौघींचा संसार ओढायचा. वीस, तीस, चाळीस वर्षं ओढतात आणि मग थकतात. पोलिओनंतरचं हे दुखणं पाहणारे डॉक्टर आता कमी होत चाललेत, कारण पोलिओच राहिला नाही.

आणि तो राहिला नाही याचा मला मनापासून आनंद आहे, गैरसमज नको. १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा बूथवर बसून मीही बाळांच्या करंगळीला शाई लावलीय. एक आजी नातवाला डोस न देताच परत घेऊन निघाली होती, ती माझं कॅलिपर पाहून वळून आली. २००९ साली देशात ७४१ रुग्ण सापडले होते. २०११ मध्ये एकच, १३ जानेवारीला, पश्चिम बंगालमध्ये. मग नैसर्गिक विषाणूचा एकही नाही. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आता तुमच्यासारखे होणार नाहीत नं." पेढा चांगला होता.

तर तो मुलगा ज्या भविष्याविषयी बोलतो ते माझ्या बाबतीत येऊन गेलंय. रोग संपला, मी आहे. तपासण्या आहेत, औषधं आहेत, पण माझं दुखणं ओळखणारा माणूस शोधावा लागतो. 'सगळं बरं होईल' म्हणणाऱ्या मालिकेत मला दिसतो तो यानाच्या दवाखान्यातला तो तिशीचा डॉक्टर, दारातून बाहेर डोकावणारा.

बऱ्याच मालिका इथे सोयीची वाट धरतात. नेक्स्ट जनरेशनमध्येच १९९२ च्या एका भागात वॉर्फ नावाच्या योद्ध्याच्या पाठीचा कणा मोडतो. त्याला असं जगण्यापेक्षा मरायचं असतं. तासभर सगळे त्यावर चर्चा करतात आणि शेवटी नवा कणा बसतो. जमलं, पुढच्या आठवड्यात तलवारबाजी. व्हीलचेअरवर वॉर्फनं एक दिवस काम केलं असतं तर कसं केलं असतं, हे पाहायला मी काहीही दिलं असतं.

त्याहून जुनी गोष्ट कॅप्टन पाइकची. १९६६ च्या मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेत तो अपघातात जायबंदी होऊन एका पेटीसारख्या खुर्चीत असतो. बोलता येत नाही. खुर्चीवर दिवा. एकदा लागला तर हो, दोनदा लागला तर नाही. हे तेविसावं शतक! स्टीफन हॉकिंग ऐंशीच्या दशकातच संगणकाच्या आवाजात पूर्ण वाक्यं, विनोदासकट, बोलायला लागले होते. १९९३ मध्ये तर ते त्याच विश्वात, नेक्स्ट जनरेशनच्या एका भागात, स्वतः स्वतःच्या भूमिकेत आले आणि न्यूटन-आइन्स्टाइनबरोबर पत्ते खेळले. त्यांच्या खुर्चीपुढे पाइकची खुर्ची म्हणजे महालासमोर झोपडी. १९६६ च्या लेखकाला हॉकिंगसारखी खुर्ची कुठून सुचणार, हे मान्य. पण प्रकाशाहून वेगानं जाणारं यान सुचलं होतं.

याउलट मला अगदी जवळचा वाटतो तो 'डीप स्पेस नाइन'चा, म्हणजे अंतराळ स्थानकावर घडणाऱ्या दुसऱ्या 'स्टार ट्रेक' मालिकेचा, १९९३ मधला एक भाग. मेलोरा नावाची एक तरुण अधिकारी. तिच्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण अगदी कमी, तिथे ती तरंगते. इतरांच्या गुरुत्वाकर्षणात तिला कंबरेला, पायांना आधार लावून व्हीलचेअर वापरावी लागते. तिला रोग काहीही नाही, तिचं शरीर तिच्या घरी उत्तम आहे. तिची नेहमीची तरंगती खुर्ची या स्थानकावर चालत नाही, कारण स्थानक परक्यांनी बांधलंय, त्यांच्या यंत्रणेशी ती जुळत नाही. म्हणून चाकांची जुनी खुर्ची. आपल्या खोलीत मात्र ती गुरुत्वाकर्षण बंद करते आणि उडते. भाग लिहिणाऱ्यांपैकी एव्हन कार्लोस सोमर्स स्वतः व्हीलचेअर वापरायचे, ते कळतंच. ती जगाशी जरा फटकून वागते, मदतीला आलेल्यावर खेकसते. खेकसणारी अपंग बाई टीव्हीवर मी क्वचितच पाहिली होती. आम्ही बहुधा एक तर हसतमुख असतो, नाहीतर खलनायक.

शेवटी डॉक्टर तिला चालतं करणारा उपचार देऊ करतो. अट अशी की मग तिला आपल्या कमी गुरुत्वाकर्षणाच्या घरी परतणं जमणार नाही. ती विचार करते आणि उपचार सोडून देते. हे पात्र आधी मालिकेत कायम ठेवायचा विचार होता म्हणे, पण तारांवर उडण्याचं चित्रीकरण दर आठवड्याला परवडणारं नव्हतं. आमच्या बाबतीत हिशेब हा असा येतोच.

परक्यांनी बांधलेलं स्थानक नागपुरातही आहे. कुठल्या कचेरीचं ते नाव घेत नाही. तीन पायऱ्या, म्हणजे दीड फूट उंची. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणजे अठरा फूट. तिथे पाच फुटांत आटपलंय. वर गुळगुळीत ग्रॅनाइट. पावसाळ्यात त्यावर कुबडी टेकवून पाहा एकदा. उतार जिथे संपतो तिथे चॅनल गेट, गेटला कुलूप, चावी शिपायाकडे, शिपाई चहाला. तो आला, ओशाळला, म्हणाला, "ताई, रोज कोणी येत नाही नं, म्हणून बंद ठेवतो." आता त्या घसरगुंडीवरून कोण रोज येणार! भिंतीवर मात्र व्हीलचेअरचं निळं चित्र झकास रंगवलेलं. त्याच दिवशी परत जाताना मेट्रोनं गेले. सीताबर्डी स्टेशनची लिफ्ट वर आली, दार उघडलं, मी आत गेले, दार बंद झालं. सांगण्यासारखं काही घडलं नाही. एवढंच तर हवं असतं.

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतलं ते निळं खोकं, म्हणजे त्यातलं कालयान, १९६३ पासून काळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडतंय. त्याला व्हीलचेअरसाठी उतार लागला २०२३ मध्ये. साठ वर्षं. चॅनल गेटवाला शिपाई तिथेही असावा.

नटांबद्दलही विचारतात म्हणून थोडं. १९८९ मध्ये नेक्स्ट जनरेशनच्या एका भागात रिव्हा नावाचा बहिरा मध्यस्थ आहे. ते काम हाउई सीगो या बहिऱ्या नटानं केलं. आधीच्या लिखाणात रिव्हा शेवटी बोलायला शिकणार होता. सीगोनं हरकत घेतली आणि शेवट बदलला. आता तो दोन्ही भांडणाऱ्या बाजूंना खुणांची भाषा शिकवायला मागे थांबतो. माझ्या मते आधीच्यापेक्षा कितीतरी चांगली गोष्ट झाली ती, कारण दोघांनाही परकी असलेली भाषा शिकायला एकत्र बसावं लागलं की भांडणाला उसंत मिळते. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या अलीकडच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत हेमर हा आंधळा इंजिनिअर ब्रूस होराक यांनी केला, त्यांची स्वतःची दृष्टी लहानपणीच बहुतेक गेलेली. पस्तीस वर्षांत जॉर्डीपासून इथवर आलो. फार नाही, पण आलो.

मुलाच्या प्रश्नाला सगळ्यात नेमकं उत्तर जॉर्डीच देतो, १९९२ च्या एका भागात. तिथे एक वसाहत आहे, जनुकं निवडून घडवलेली, सगळे निर्दोष. जॉर्डीसारखं मूल तिथे जन्मालाच येऊ दिलं नसतं. वसाहतीवर संकट येतं आणि तोडगा सापडतो तो व्हायझरच्या तंत्रात, आंधळ्यासाठी केलेल्या यंत्रात. तो हसतो, पण ते हसू गोड नाही. मी जन्मावं की नाही हे ठरवायचा हक्क यांना दिला कुणी, असं तो विचारतो. कॉलेजात हा भाग सांगितला की सभागृह जरा वेळ गप्प होतं आणि मग कुणीतरी टाळी वाजवतं. मला ती टाळी आवडत नाही. उपयोगी पडला नसता तर जॉर्डीनं काय करायचं होतं, हे कुणी विचारत नाही.

असो. गेल्या महिन्यात नव्या कॅलिपरचं माप द्यायला गेले. कारागीर जुना, माझ्याच वयाचा. भुऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं बाजूनं रेघ मारली, गुडघ्याशी खूण केली. "मॅडम, आता पोलिओचे कुठं येऊन राहिले? शुगरचे पाय येतात, ॲक्सिडेंटचे येतात. हे बनवायचं म्हटलं तर माझाच हात आठवत बसतो." मग माझं जुनं कॅलिपर उलटसुलट करून पाहिलं, कडी दोनदा वरखाली केली. "हे ठेवून जाता का इथं? नवीन पोरं शिकायला येतात. त्यांनी असं पाहिलंच नाही."

"नवीन कधी देता?"

"पंधरा दिवस तर लागतीनच."

"मग तोवर काय घालू?"

तो हसला, कॅलिपर पुढे केलं. मी पट्टे आवळले, टक् केलं आणि उठले.