तेव्हा त्याचं वय काय?

(माजी विद्यार्थी, दहावीची 1999 ची तुकडी)

आमची आठवीची सहल नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेली ती 1996 च्या डिसेंबरात. दोन एस.टी. गाड्या, डब्यात चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, आणि पोहोचेपर्यंत घसा बसेल इतक्या घोषणा. संग्रहालय 1994 साली सुरू झालेलं, म्हणजे तसं नवंच. त्यामुळे आमच्याबरोबर आलेले गुरुजन आणि बाई हेही सगळं पहिल्यांदाच बघत होते.

गेटातून आत शिरताच पोरं धावली ती पॅटनकडे. साहजिकच होतं. 1965 चं युद्ध, असल उत्तरची लढाई, जीपवरच्या तोफेनं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद, हे सगळ्यांना तोंडपाठ. मीही पळणार होतो, पण इतिहासाच्या सरांनी मला आणि आणखी दोघांना हाक मारली आणि एका बुटक्या, अरुंद रणगाड्यापाशी नेलं. जपानी रणगाडा, 'हा-गो' जातीचा. बाकीच्यांच्या मानाने इतका लहान, की आमच्यातला एक जण म्हणाला, "सर, हा तर ट्रॅक्टरएवढाच आहे."

"कंपास आणलीय का रे?" सरांनी विचारलं. सहलीला कोण कंपास आणणार? पण माझ्या दप्तरात होती. सरांनी पट्टी घ्यायला लावली आणि एका झडपेच्या उघड्या कडेला धरायला सांगितली. गार लोखंड, वर हिरव्या रंगाचे थर, आणि माझ्या बोटांत ती प्लास्टिकची पट्टी. एक सेंटिमीटरच्या रेघेच्या आसपासच कड संपली. सर म्हणाले, "याचा सगळ्यात जाड पत्रासुद्धा 12 मिलिमीटरच. आत तीन माणसं. आता तो पलीकडचा ब्रिटिश चर्चिल बघा, त्याचा पुढचा पत्रा 152 मिलिमीटर." मग थोडं थांबून त्यांचा तो नेहमीचा प्रश्न आला. "या पत्र्याच्या आत बसलेल्याचं तेव्हा वय काय असेल?"

सरांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न आठवत असेल. सनावळी पाठ कर म्हणून त्यांनी कधी छडी उगारली नाही. फळ्यावर घटनेचं साल लिहायचे, शेजारी माणसाचं जन्मसाल लिहायचे आणि वजाबाकी आमच्याकडून करून घ्यायचे. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव मला असेच भेटले. मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनियो नदी. दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून, भूसुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणलं. मग एकट्याने शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून दिली आणि हातबॉम्ब फेकत राहिले. शेवटी बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सगळं सांगून झाल्यावर सरांनी फळ्यावर लिहिलं: 1945 वजा 1921. नोव्हेंबरचा जन्म म्हणजे तेविसावं पूर्ण, चोविसावं चालू. वर्गातल्या बऱ्याच जणांचे मोठे भाऊ त्या वयाचे होते. वर्ग एकदम गप्प झाला होता, तो अजून आठवतो.

त्या आठवीपासून मी युद्धाच्या इतिहासाच्या नादी लागलो तो आजतागायत. कुठली पलटण कुठे लढली, कुठल्या रणगाड्यावर किती मिलिमीटरची तोफ, याच्या वह्याच्या वह्या भरल्या. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, पण सुट्टीचा दिवस अजूनही या वह्यांचाच.

राक्षसांच्या चित्रपटांचं वेडही शाळेतच लागलं. दहावीच्या वर्षी, 1998 ला, अमेरिकन 'गॉडझिला' हिंदीत आला. आम्ही पाच जण तो बघून आलो आणि सोमवारी मधल्या सुट्टीत तेवढाच विषय. सरांच्या कानावर गेलं. मला वाटलं, दहावीचं वर्ष आहे म्हणून बोलणी बसणार. सर म्हणाले, "मूळचा जपानी आहे, 1954 चा. कधी मिळाला तर बघ. आणि तो काढणाऱ्यांची वयं काढ."

मिळाला तो 2007 साली, पुण्यात, मित्राच्या खोलीवर. कृष्णधवल, जपानी भाषेत, खाली इंग्रजी ओळी. नऊ वर्षं सरांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून असेल, पण पहिल्याच दृश्याला मी सावरून बसलो. एक बोट. डेकवर खलाशी निवांत बसलेत, कुणी वाजवतोय, कुणी खेळतोय. अचानक समुद्रातून डोळे दिपवणारा उजेड, आणि बोट पेटते.

जपानी प्रेक्षकाला ही बोट कुठली ते सांगावं लागलं नसणार. त्याच वर्षी 1 मार्चला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजाच्या दुपटीहून मोठा झाला, 15 मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट. ट्यूना पकडायला गेलेल्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या बोटीवर पांढरी राख पडली. बोटीवर 23 माणसं. वायरलेस सांभाळणारे कुबोयामा 23 सप्टेंबरला गेले. वय 40. चित्रपट लागला 3 नोव्हेंबरला.

मग मी वजाबाक्या करत बसलो. दिग्दर्शक इशिरो होंडा, जन्म 1911. ऐन तारुण्याची वर्षं जपानी सैन्यात, चीनच्या आघाडीवर गेली. युद्ध संपल्यावर परतताना त्यांनी हिरोशिमा पाहिलं. चित्रपट केला तेव्हा 43. ट्रिकसीन करणारे एइजी त्सुबुराया, जन्म 1901. 1942 साली, 41 व्या वर्षी, याच माणसाने पर्ल हार्बरच्या हल्ल्याची लहान प्रतिकृती उभारून युद्धप्रचाराचा चित्रपट गाजवला होता. बारा वर्षांनी त्यांनी स्वतःचंच टोकियो लहान करून उभारलं आणि पेटवलं. आणि राक्षसाच्या त्या जाड, गुदमरवणाऱ्या रबरी पोशाखाच्या आत तापलेल्या दिव्यांखाली चालणारे हारुओ नाकाजिमा, वय 25. पत्र्याच्या आत कोण बसलंय हा सरांचा प्रश्न इथे रबराला लागू पडला.

या चित्रपटाकडे नुसता राक्षसपट म्हणून बघणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो. आगगाडीत एक बाई म्हणते, नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. पेटत्या शहरात एक आई मुलांना कुशीत घेऊन सांगते, आता आपण बाबांकडेच जाणार. त्या मुलांचा बाप कुठे गेला हे कुणी सांगत नाही. 9 मार्च 1945 च्या रात्री टोकियोवर पडलेल्या आगबॉम्बांनी सुमारे एक लाख माणसं मेली होती. त्यातून वाचलेले लोक नऊ वर्षांनी तिकीट काढून हे बघत होते. गोजिरा (हे त्याचं मूळ नाव) शहर तुडवून समुद्रात परत गेल्यावर कॅमेरा इस्पितळात जातो, जमिनीवर ओळीने ठेवलेल्या जखमींवरून फिरतो, आणि एका लहान मुलासमोर किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र धरलं जातं. एवढा वेळ दुसऱ्या कुठल्या राक्षसपटाने जखमींना दिलेला मी पाहिलेला नाही.

वह्यांमुळे आणखी एक गोष्ट दिसली. गोजिरावर गोळे डागणारे रणगाडे अमेरिकन एम-24 चॅफी आहेत. जपानचं नवं स्वसंरक्षण दल चित्रपटाच्या चारच महिने आधी, 1 जुलै 1954 ला उभं राहिलं होतं, ते असं दुसऱ्याच्या शस्त्रांवर. हेच चॅफी पाकिस्तानकडेही होते. नोव्हेंबर 1971 मध्ये गरीबपूरला (आजच्या बांगलादेशात), धुक्यात, आपल्या पीटी-76 रणगाड्यांनी आणि 14 पंजाब या पलटणीच्या जवानांनी त्यातले 14 फोडले किंवा ताब्यात घेतले.

गेल्या दिवाळीत सरांकडे गेलो होतो. सर आता ऐंशी पार केलेले. लॅपटॉप नेला होता. सरांनी पूर्ण चित्रपट पाहिला, मध्ये फक्त एकदा पाणी मागितलं. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगत होतो. शेवटाकडे एक प्रसंग आहे. उद्ध्वस्त टोकियोतल्या शाळकरी मुली रांगेत उभ्या राहून शांतीची प्रार्थना गातात, ती टीव्हीवरून दाखवली जाते. ती ऐकून शास्त्रज्ञ सेरिझावा आपल्या जीवघेण्या शोधाचे कागद जाळायला घेतो, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या हाती लागणार नाही.

चित्रपट संपल्यावर सर म्हणाले, "त्या मुलींच्या प्रार्थनेचा भाग परत लाव."

लावला. सर पुढे सरकून एकेक चेहरा बघत होते. गाणं संपलं तसा त्यांनी माझ्याकडे हात केला. शाळेत फळ्यासमोर उभे राहून खडू पुढे करायचे तसाच.

"चौदा-पंधराच्या धरू. 1954 चं चित्रण. टोकियो जळलं 1945 ला. कर वजाबाकी."

"पाच-सहा, सर."

"म्हणजे आठवत असणार त्यांना," सर म्हणाले, आणि तो भाग तिसऱ्यांदा लावायला सांगितला.