आमची वाटचाल: कुळ्यापासून रक्सौलपर्यंत

आमची फर्म वास्कोत आहे. मुरगाव बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे कस्टम्स क्लिअरन्स हे आमचे मूळ काम. पूर्वी या धंद्याला सीएचए (कस्टम हाऊस एजंट) म्हणत. २०१३ च्या नियमांनंतर कागदोपत्री ‘कस्टम्स ब्रोकर’ झाले. बंदरावरच्या मालाचे कागद करताना समोर एकच कस्टम्स असते. वेर्ण्याच्या कारखान्यातला माल ट्रकने किंवा जहाजाने दुसऱ्या देशातून पार करून तिसऱ्या देशात पोचवायचा झाला, की दोन, तीन, कधी चार कस्टम्सशी गाठ पडते. आमचे काम हळूहळू या दुसऱ्या प्रकाराकडे सरकत गेले. नवीन मार्गाची चौकशी आली की आम्ही आधी अंतर पाहत नाही. एका देशाने मारलेले सील पुढचा देश मानतो की तोडतो, हे पाहतो. दिवस आणि भाडे त्यावर ठरते.

गोव्यात राहणाऱ्याला याचा पुरावा घराजवळच सापडतो. कुळे आणि कॅसल रॉक ही घाटाच्या खालची-वरची दोन स्थानके. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि १८८० पासून गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली. त्याच करारातून मुरगाव बंदर आणि तिथून घाटापर्यंतची रेल्वे उभी राहिली. १८८८ साली ती पुरी झाली. रूळ मीटर गेजचे, आणि कॅसल रॉकला येऊन मिळणारी सदर्न मराठा रेल्वेही मीटर गेजचीच. म्हणजे हुबळी-धारवाडकडचा कापूस वाघिणीतून न उतरवता थेट धक्क्यावर आणता येणार होता. घाटात १:३७ चा चढ आहे, आजही तिथे मालगाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. पण बांधणीच्या दृष्टीने मार्गात खोट नव्हती. खोट मुदतीत होती. करार १२ वर्षांचा होता. १८९२ च्या जानेवारीत तो संपला, पुढे चालू राहिला नाही, आणि पोर्तुगीजांची तपासणी कुळ्याला, इंग्रजांची कॅसल रॉकला सुरू झाली. रूळ तेच, वाघिणी त्याच, मध्ये दोन झडत्या आल्या.

त्या करारातली आणखी एक बाजू आम्हांला महत्त्वाची वाटते. मिठाचा मक्ता ब्रिटिशांकडे गेला. त्याची भरपाई म्हणून पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळत, पण मिठागरे चालवणाऱ्यांचा धंदा बसला. रेल्वेचा फायदा एकाच्या पदरात आणि तिची किंमत दुसऱ्याच्या माथी, हे आजच्या मार्गांवरही दिसते. सीमेवरच्या गावातून रोज शेकडो ट्रक जातात आणि गावाच्या वाट्याला धूळ आणि रांग येते. मग तिथलेच लोक रस्ता अडवतात, आणि आमच्यासारख्यांचा माल त्यात अडकतो.

१९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली आणि घाटातली वाहतूकच थांबली. गोव्याने तोंड समुद्राकडे वळवले: बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. शेजाऱ्याची वाट बंद झाली की माल थांबत नाही, तो महाग आणि लांबच्या वाटेने येतो. नेपाळची कथा पुढे याच अंगाने गेली.

कंटेनरपुरते बोलायचे तर गोव्याचे दार आजही नाव्हा-शेवा आहे. मुरगाव मुळात खनिज आणि कोळशाचे बंदर. कंटेनरचा ओघ तिथे कमी. त्यामुळे भरलेला कंटेनर अणमोड घाट, बेळगाव, कोल्हापूर, पुणे या वाटेने किंवा कोकण रेल्वेने बाळ्ळीहून वर पाठवावा लागतो, आणि बहुतेक वेळा रिकामा कंटेनरही तिकडूनच आणावा लागतो. या रिकाम्या फेरीचा खर्च दरपत्रकात धरला नाही, तर पुढचे सगळे गणित चुकते. ट्रेलरला दोन दिवस धरावेत, पावसाळ्यात तीन. घाटात दरड आली की जहाजाचा गेट कट-ऑफ (कंटेनर बंदरात पोचवण्याची शेवटची वेळ) हुकतो, माल पुढच्या जहाजावर जातो आणि पुढच्या देशातली सगळी वेळापत्रके आठवडाभर मागे सरकतात.

रस्त्याने परदेशी माल पाठवण्याचे काम आम्ही नेपाळपासून सुरू केले. औषधे, पॅकिंगचे साहित्य, यंत्रांचे सुटे भाग. गोव्याहून रक्सौल, म्हणजे बिहारमधला नेपाळच्या सीमेवरचा नाका, दोन हजार किलोमीटरांच्या वर आहे; चालक चांगला असेल आणि ट्रक मध्ये बदलला नाही, तर सात-आठ दिवस. रक्सौलला भारताची एकात्मिक तपासणी चौकी २०१६ पासून आहे, पलीकडची वीरगंजची २०१८ पासून. आधी ट्रक गावाच्या बाजारातून, रेल्वे फाटकातून जात. ती कोंडी चौक्यांमुळे बरीच कमी झाली. शिपिंग बिल (निर्यातीची कस्टम्स घोषणा) भरायचे, इन्व्हॉइसवर एलयूटीचा क्रमांक घालायचा (कर न भरता निर्यात करू देणारे हे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने करावे लागते, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हमखास कोणी ना कोणी विसरतो), आणि पलीकडे नेपाळी एजंट ‘प्रज्ञापन पत्र’ भरतो. ते आमच्या बिल ऑफ एन्ट्रीसारखेच, म्हणजे आयातीची घोषणा. व्यवहार भारतीय रुपयात होऊ शकतो, पण बँकेच्या कागदावर मालाचे जे वर्णन आहे तेच इन्व्हॉइसवर शब्दशः हवे. ‘टॅब्लेट्स’ आणि ‘फिल्म कोटेड टॅब्लेट्स’ एवढ्या फरकावर भन्सार (नेपाळी कस्टम्स) कार्यालयात ट्रक अडतो. औषध नेपाळच्या औषध विभागाकडे नोंदलेले असावे लागते, आणि नोंदणीची मुदत माल निघताना नव्हे, पोचताना शिल्लक हवी.

यात सर्वांत जास्त नुकसान उष्णतेने होते. लेबलवर ‘३० अंशांखाली ठेवा’ असते आणि मे महिन्यात उत्तर प्रदेश-बिहारमधून जाणाऱ्या ताडपत्रीच्या ट्रकमध्ये दुपारचे तापमान त्याहून बरेच वर जाते. म्हणून औषधासाठी बंद बॉडीचा किंवा वातानुकूलित ट्रक घ्यावा. खोक्यांमध्ये किमान दोन डेटा लॉगर (तापमान नोंदवणारी उपकरणे) ठेवावेत, एक दाराजवळ आणि एक पुढच्या भिंतीपाशी वरच्या थरात, कारण सर्वांत जास्त तापते ती हीच जागा. रांगेत उभ्या ट्रकचे इंजिन बंद असते, तेव्हा थंडावा देणारे यंत्र स्वतःच्या डिझेलवर चालणारे आहे ना, हे भाडे ठरवतानाच विचारावे.

नेपाळला समुद्र नाही, म्हणून तिसऱ्या देशाचा माल तिथे कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणमहून जातो. कोलकात्याहून वीरगंजची कोरडी गोदी (समुद्रापासून दूर, जमिनीवरचे कंटेनर बंदर) रेल्वेने साधारण ७०० किलोमीटर. पूर्वी प्रत्येक कंटेनरमागे संक्रमणाचे (दुसऱ्या देशातून माल पार नेण्याचे) कागद बंदरात मंजूर करून घ्यावे लागत, आणि त्यात दिवस जाऊन डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) चढे. २०१९ च्या नियमांनी इलेक्ट्रॉनिक ट्रॅकिंगचे सील आले. कंटेनरला उपग्रहाने माग ठेवणारे कुलूप लागते, वाटेत छेडछाड झाली तर लगेच कळते, आणि आयातीची तपासणी थेट नेपाळमध्ये होते. रूळ बदलले नाहीत, पूल बांधला नाही. एका कुलपावर दोन्ही कस्टम्सनी विश्वास ठेवला म्हणून दिवस वाचले.

याच मार्गाने भारत-नेपाळ संबंध बिघडतानाही दाखवले. १९८९ च्या मार्चमध्ये व्यापार व संक्रमण करारांची मुदत संपली आणि संक्रमणाच्या १५ ठिकाणांपैकी दोनच उघडी राहिली. २०१५ च्या सप्टेंबरपासून काही महिने पुन्हा सीमेवर माल अडला. इंधन आणि औषधांची टंचाई झाली. त्यानंतर २०१६ च्या मार्चमध्ये नेपाळने चीनशी संक्रमण करार केला, आणि २०१९ च्या पूरक कराराने तियानजिन, शेनझेन, लिएनयुनगांग, झानजियांग ही चार बंदरे त्याला कागदावर मिळाली. तियानजिन तीन हजार किलोमीटरांहून दूर आहे, कोलकाता ७०० वर, म्हणून माल अजून आपल्याच बाजूने जातो. पण दुसरे दार असल्यामुळे चर्चेच्या टेबलावर नेपाळचे वजन बदलले. त्याच २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. आमच्या मते २०१५ नंतरचा सर्वांत शहाणा निर्णय हाच. नळातून जाणाऱ्या तेलाला रांग नसते.

बांगलादेशचे काम वेगळे. पेट्रापोल-बेनापोल या सीमेवरच्या नाक्याला भारतीय ट्रक पलीकडच्या यार्डापर्यंत जातो, तिथे माल उतरतो आणि बांगलादेशी ट्रकमध्ये चढतो. खोकी दोनदा हाताळली जातात, म्हणून तीन पदरी पुठ्ठा चालत नाही. पाच पदरी घ्यावा, पॅलेटला पट्टी बांधावी आणि पावसाळ्यात आतून प्लॅस्टिकचे आवरण घालावे. भूतान, बांगलादेश, भारत, नेपाळ यांचा मोटार वाहन करार १५ जून २०१५ रोजी थिम्पूत झाला. तो पुरा अमलात आला असता तर ही चढउतार वाचली असती. पण भूतानने त्याला मान्यता दिली नाही आणि बाकीच्यांचेही रेंगाळले. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशी मालाला आपल्या विमानतळ-बंदरांतून तिसऱ्या देशात नेण्याची सवलत काढून घेतली. बांगलादेशाने जमिनीच्या नाक्यांवरून सूत घेणे थांबवले. मे महिन्यात बांगलादेशी तयार कपड्यांना आपल्याकडे कोलकाता आणि नाव्हा-शेवा ही दोनच बंदरे उरली. दीड महिन्याच्या आत एका मार्गाचे गणित उलटेपालटे झाले. म्हणून सीमेपलीकडच्या दराची आमची हमी पंधरा दिवसांचीच असते, आणि पर्यायी समुद्रमार्गाचा दर शेजारच्या रकान्यात दिलेला असतो.

रशियाकडे जाणाऱ्या उत्तर-दक्षिण मार्गाबद्दल अलीकडे सर्वाधिक विचारणा होते. भारत, इराण, रशिया यांचा करार २००० च्या सप्टेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्गला झाला, लांबी ७,२०० किलोमीटर सांगतात. नाव्हा-शेव्याहून बंदर अब्बास, तिथून ट्रकने किंवा रेल्वेने उत्तरेला अंझली किंवा अमीराबाद ही इराणची बंदरे, कॅस्पियन समुद्र पार करून रशियाचे आस्त्राखान, आणि पुढे मॉस्को. नकाशावर ही वाट सुएझपेक्षा खूप आखूड आहे. प्रत्यक्षात तीन सांधे दुखतात. पहिला रेल्वेचा: इराणचे रूळ १,४३५ मिलिमीटर, अझरबैजान-रशियाचे १,५२०, आणि मधला रश्त ते अस्तारा हा १६२ किलोमीटरचा तुकडाच अपुरा, २०२३ च्या मेमध्ये रशियाने त्यासाठी इराणशी करार केला. दुसरा कॅस्पियनचा: समुद्राची पातळी घटते आहे, जहाजे पूर्ण भारानिशी जात नाहीत, आणि उत्तरेचा भाग हिवाळ्यात गोठतो. तिसरा पैशाचा. निर्बंधांमुळे मोठ्या जहाज कंपन्या बंदर अब्बास टाळतात, कंटेनर परत येण्याची खात्री नसते आणि विमा कंपनी अटी घालते. म्हणून स्वतःच्या मालकीचा जुना, पण प्रमाणपत्र चालू असलेला कंटेनर विकत घेऊन पाठवणे बऱ्याचदा स्वस्त पडते. रुपयात पैसे येण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२२ च्या परिपत्रकाने झाली. तरीही माल निघण्याआधी आपल्या बँकेचे लेखी उत्तर घ्यावे.

या मार्गावरच्या चुका साध्या असतात. एचएस कोडचे (मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे) पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढे आपले आठ होतात आणि रशियाचे दहा; शेवटचे चार तिकडच्या आयातदाराकडून लिहून घ्यावेत, अंदाजाने घालू नयेत. लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का हवा (लाकडाच्या गाभ्याला ५६ अंश, सलग ३० मिनिटे). शिक्का नसलेले एक पॅलेटही पूर्ण कंटेनर थांबवते. भारत २०१७ मध्ये टीआयआर या आंतरराष्ट्रीय रस्ता-वाहतूक करारात आला. त्याच्या कारनेटवर (कस्टम्ससाठीच्या हमीपुस्तिकेवर) सीलबंद वाहन मधल्या देशांत न उघडता जाते, हमी एका कारनेटला एक लाख युरोपर्यंतची. मात्र वाहनाला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते. ताडपत्रीचा कडीदोर कुठे तुटलेला असला तरी नाक्यावर नकार मिळतो.

आखाती देशांतून युरोपकडे जाणाऱ्या, ९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीत जाहीर झालेल्या मार्गाचे दर आम्ही अजून देत नाही. वाळवंटातले रूळ जोडले गेले आणि मालाची पहिली नियमित गाडी धावली की देऊ.

सील मारताना आमचा माणूस कारखान्यात हजर असतो. बॉटल सीलचा (कंटेनरच्या दाराला लावायच्या, एकदाच वापरायच्या कुलपाचा) क्रमांक इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि ट्रकच्या पावतीवर एकच आहे ना, हे तो पाहतो. दार बंद होण्याआधी, झाल्यावर आणि क्रमांक जवळून असे तीन फोटो काढतो. सीमेवरचे वाद बहुतेक वेळा एका आकड्याच्या चुकीचे असतात, आणि तो आकडा फोटोत दिसला की वाद तिथेच मिटतो.

नेपाळच्या ग्राहकांसाठी यंदाही तेच सांगणे आहे. दसैंसाठीचा (नेपाळच्या दसऱ्यासाठीचा) माल गणेश चवथीच्या आधी गोव्यातून निघायला हवा. चवथीला वेर्ण्याचे कारखाने बंद असतात, चालक गावी जातात, अणमोडला पाऊस असतो, आणि दसैंच्या पंधरा दिवस आधी रक्सौलची रांग वाढू लागते. ट्रकची मागणी श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात द्यावी.