काकांच्या संगणकासाठी इंदूरवारी

इंदूरला मी एरवी सराफ्यात खायला जातो. या वेळी मात्र रामबागेतल्या काकांच्या संगणकानं बोलावलं. मंडळाची पत्रिका निम्मी टाइप झाली की पडदा निळा पडायचा. पुन्हा चालू केला की अपडेटचं चक्र. फोनवर काका म्हणाले, “अरे, माझे पोहे खाऊन होतात तरी हा आपला गोलच फिरून राहिलाय. तूच ये आता.” सिस्टीम कोणती ते लिहीत नाही, उगाच वाद नको.

नाशिकहून रात्रीची बस धरली. धुळे, शिरपूर, मग सेंधव्याजवळचा बिजासन घाट, आणि सकाळी इंदूर. खिशात लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा पेनड्राइव्ह तयार होता. तुम्हीही तो घरूनच करून न्या. मिंट २२ ची फाइल जवळपास तीन जीबीची आहे; दुसऱ्याच्या घरी जाऊन ती उतरवत बसायला जीव जातो. ड्राइव्हवर व्हेन्टॉय हा छोटा प्रोग्राम टाकलात तर फाइल नुसती कॉपी करायची. काकांच्या यंत्रात चारच जीबी रॅम, म्हणून मी मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नेली होती.

पहिल्या दिवशी काहीच बसवलं नाही. पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून पाहिलं, आणि बरं झालं. वायफाय दिसेना, चिप ब्रॉडकॉमची. फोन यूएसबीनं जोडून टेथरिंग केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट यंत्राला दिलं, ड्रायव्हर मॅनेजरनं ड्रायव्हर शोधून दिला. जुन्या डिस्कवर काही लिहू देत नव्हतं, कारण जुन्या सिस्टीमचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू होतं. त्यात यंत्र बंद केलं तरी ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. आधी तिकडे जाऊन ते बंद करा.

मग मिंटमधलं ‘डिस्क्स’ उघडून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, पाहिली आणि माझाच चेहरा पडला. हार्डडिस्कवर खराब सेक्टर. म्हणजे महिनोन्‌महिने आम्ही शिव्या घातल्या त्या सिस्टीमला, आणि निम्मा गुन्हा डिस्कचा! तुम्ही तरी हे आधी बघा. फायली आधी बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवल्या आणि दुपारी जेलरोड गाठला. दुकानदार म्हणाला, “भिया, नया ही ले लो.” घेतली फक्त एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क. काकांना मात्र तोवर मिंट आवडलं होतं, जुन्या सिस्टीमकडे परत जायला ते तयार नव्हते. मिंट बसायला अर्धा तासही लागला नाही.

खरा वेळ मराठीनं खाल्ला. काकांच्या जुन्या पत्रिका युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या (युनिकोड म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी नीट दिसावी म्हणून ठरलेली पद्धत). लिबरऑफिस या लिखाणाच्या प्रोग्राममध्ये उघडल्या तर नुसती रोमन अक्षरांची भेळ. जुन्या यंत्रातला तो फॉन्ट होम फोल्डरातल्या ‘.फॉन्ट्स’ या लपलेल्या फोल्डरात (नाव अर्थात इंग्रजीतच हवं) टाकल्यावर अक्षरं जागेवर आली. पण पुढचं सगळं युनिकोडातच टाइप करायचं, हे काकांकडून कबूल करून घेतलं. आयबस या टायपिंगची भाषा बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये काकांसाठी इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक आणि मावशीसाठी रोमन अक्षरांतून मराठी लिहायचं गमभन लावलं. ‘दुसऱ्या’तला र पहिल्यांदा ‘दुसर्या’ असा उमटला, तेव्हा काका चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून आलोय.

मंडळाचे हिशेब टॅलीत असते तर मी जुनी सिस्टीम पुसलीच नसती. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. तसं काही असेल तर जुनी सिस्टीम आणि मिंट दोन्ही एकाच यंत्रात ठेवा. प्रिंटरही पेनड्राइव्हवरूनच, एक पान छापून तपासा.

रात्री सराफा. सोन्याची दुकानं मिटली की तिथे खाण्याच्या गाड्या लागतात, म्हणून लवकर जाऊन उपयोग नाही. भुट्ट्याचा कीस काकांनी खिलवला, बिलाला हात लावू दिला नाही. सकाळी जीरावन मसाला भुरभुरलेले पोहे, जिलेबी आणि बस.

परतताना सेंधवा मागे पडलं आणि मावशीचा फोन. “पत्रिका झाली रे, पण यांचा पत्त्यांचा खेळ कुठे गेला?” सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आइलरायट (AisleRiot) हा पत्त्यांचा खेळ शोधायला सांगितलं. तेवढ्यात घाट लागला आणि रेंज गेली.