सव्वीस डिसेंबरची दुपार

सिडनीतल्या आमच्या मंडळाचे गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम भाड्याच्या सभागृहात होत असत. मात्र ज्या मेळाव्याची मी वर्षभर वाट पाहत असे, तो 26 डिसेंबरला साउथ हेडच्या कड्यावर, उन्हातान्हात सतरंज्या अंथरून भरत असे. दुपारी एक वाजता बंदरात तोफ होई आणि सिडनी ते टास्मानिया बेटावरचे होबार्ट या 628 सागरी मैलांच्या शर्यतीतील शिडाच्या नौका खाडीच्या तोंडातून बाहेर पडून दक्षिणेकडे वळत. 1945 साली नऊ नौकांनिशी सुरू झालेल्या या शर्यतीत पहिली आलेली जॉन इलिंगवर्थ यांची नौका 'राणी' नावाची होती, हे कळल्यापासून आमच्या मुलांना ही शर्यत घरचीच वाटू लागली होती.

पुढे मंडळातलेच दोघे एका पस्तीस फुटी नौकेवर हौशी खलाशी म्हणून रुजू झाले आणि मेळाव्याचा रंगच पालटला. त्या नौकेचा कप्तान पेशाने शाळामास्तर होता आणि इतर खलाशीही आपापल्या नोकऱ्या सांभाळून सरावाला येणारे होते. कोकणातल्या हर्णै बंदराच्या एक आजी आमच्यात होत्या. त्या कप्तानाला कायम 'तांडेल' म्हणत आणि पोह्यांचा डबा उघडण्याआधी वाऱ्याची दिशा पाहत.

पहिल्या खेपेला दुसऱ्या रात्री निरोप आला, "शीड फाटलंय, ईडन बंदराकडे वळतोय. सगळे बरे आहेत." या किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्यावर दक्षिणेचा जोरदार वारा समोरून आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात, आणि त्यापुढची, ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांच्यामधली बास सामुद्रधुनी उथळ असल्यामुळे तेथे समुद्र अधिकच खवळतो. 1998 साली निघालेल्या 115 नौकांपैकी केवळ 44 होबार्टला पोहोचल्या आणि सहा खलाशांचा मृत्यू झाला. सामुद्रधुनीत शिरण्यापूर्वी ग्रीन केपजवळ प्रत्येक कप्तानाला नौका आणि माणसे धड असल्याचे रेडिओवरून कळवावे लागते. आमच्या कप्तानाला ते खरेपणाने सांगता येईना, म्हणून त्याने नौका माघारी वळवली.

त्या संक्रांतीच्या तिळगूळ समारंभाला आमचे दोघे आले खरे, पण त्यांच्याशी काय बोलावे हे कोणालाच सुचत नव्हते. तेव्हा आजीच म्हणाल्या, "परत आलात ना? मग आता शीड शिवायला घ्या." (त्यांच्या माहेरी ही सांत्वनाची नव्हे, कामाची भाषा होती.)

ते पुन्हा निघाले दोन वर्षांनी. त्या दुपारी कड्यावर आमची गर्दी एवढी होती की, शेजारच्या ऑस्ट्रेलियन कुटुंबाने आज तुमचा सण आहे का असे विचारले, आणि खरे सांगायचे तर आम्हाला नाही म्हणवले नाही. शिडांच्या गर्दीत आमची नौका नेमकी कोणती, यावर दुर्बिणीची ओढाओढ करून वाद झाले. त्यानंतरचे दिवस फोनच्या पडद्यावर नौकेची जागा दाखवणाऱ्या एका ठिपक्याकडे पाहण्यात गेले. ठिपका ग्रीन केप ओलांडून पुढे सरकला, तेव्हा मंडळाच्या गटावर मध्यरात्रीही निरोपांचा पाऊस पडला.

खरी परीक्षा मात्र अगदी शेवटी होती. होबार्टला पोहोचण्यासाठी डरवेंट नदीतून वर जावे लागते आणि तेथे रात्री वारा अनेकदा पडतो. पहाटे दोन वाजता ठिपका तासभर एकाच जागी थांबलेला पाहून मी न राहवून आजींना फोन केला. त्या जाग्याच होत्या. "वारा पडलाय, बुडाले नाहीत. मतलई सुटेल पहाटे, तू झोप," म्हणाल्या. मी झोपले नाही.

त्या वर्षी तिळगुळाला कप्तानासकट सगळी मंडळी आली. शर्यतीत नंबर कितवा आला, हे कोणी विचारलेच नाही; आजींनी मात्र नवे शीड कोणी शिवले याची चौकशी केली आणि त्या शाळामास्तराच्या हातावर दोन वड्या जास्त ठेवल्या.