तुम्ही विचारलंत म्हणून : सरकारी पैशातला ज्यू

फिल्म सोसायटीत झेक किंवा पोलिश सिनेमा लागला की नंतरच्या चर्चेत एक हात वर होतोच. ‘हे कम्युनिस्ट राजवटीतले सिनेमे ना? पैसा सरकारचा, सेन्सॉर सरकारचा. मग महायुद्धातल्या ज्यूंच्या छळाबद्दल यांचं काय मनावर घ्यायचं?’ दर वेळी तेच. एकदाचं लिहूनच टाकतो.

पैसा सरकारचाच होता, मान्य. मेलेले ज्यूही त्या सरकारला ‘फॅसिझमचे बळी’ म्हणूनच चालायचे. ज्यू म्हणून मेले, हे फारसं बोलायचं नसे. झेक दिग्दर्शक आल्फ्रेड राडोकचे वडील तेरेझीनच्या नाझी छावणीत मेले. युद्धानंतर त्यानं तिथंच जाऊन ‘डिस्टंट जर्नी’ या ज्यूंच्या छळावरच्या सिनेमाचं काही चित्रीकरण केलं. सिनेमा थोडे दिवस आडबाजूच्या थिएटरांत लागला आणि डब्यात गेला. घ्या, तुमच्या बाजूचा पुरावा मीच दिला.

पण १९६५चा ‘द शॉप ऑन मेन स्ट्रीट’? कादार आणि क्लोस या दिग्दर्शकांचा. गोष्ट महायुद्धातल्या, हिटलरच्या आश्रयानं चाललेल्या स्लोवाक राज्यातली. त्यातला तोनो सुतार आहे. साडूच्या वशिल्यानं त्याला म्हाताऱ्या लाउत्मानबाईंच्या बटणांच्या दुकानावर ‘आर्य’, म्हणजे ज्यू नसलेला, कारभारी म्हणून बसवतात. बाईंना धड ऐकू येत नाही. त्यांना वाटतं, हाताखाली माणूस आलाय. दुकानात कमाई शून्य, म्हणून याचा पगार गावातले ज्यूच गुपचूप भरतात. मग १९४२मध्ये एके दिवशी चौकात छावण्यांत पाठवायला कर्ण्यावरून ज्यूंची नावं पुकारायला लागतात. तोनो आत दारू ढोसत बसलाय. बाईंना लपवू म्हणतो. लगेच, आपणच सापडू या भीतीनं त्यांना बाहेर काढायला बघतो. परत लपवू. गयावया करतो, खेकसतो. शेवटी घाबरून त्यांना आतल्या अडगळीत ढकलतो. दार उघडतो तेव्हा बाई मेलेल्या असतात. चौकातले ह्लिंका गार्डवाले, म्हणजे स्लोवाक फॅसिस्ट दलातले, गावचेच, आणि आत हा. जर्मनांवर ढकलायची सोयच नाही.

आता माझ्याच युक्तिवादातली फट सांगतो. त्या स्लोवाक राज्याचा अध्यक्ष तिसो पाद्री होता. पाद्र्यांच्या राजवटीला झोडपणं कम्युनिस्ट पक्षाच्या पथ्यावरच पडणारं. विशीतला मी यावर तावातावानं ‘मुळीच नाही’ म्हणायचो. आज म्हणतो, पडलं असेल पथ्यावर. पण मग गुन्हेगार सुतार कशाला? कामगारांच्या राज्यात सरकारी पैशानं कामगाराच्याच हातून म्हातारी मारायची, ही कुणाची सोय?

सिनेमाला ऑस्कर मिळालं, बाईंचं काम करणाऱ्या इडा कामिन्स्काला नामांकन. ती वॉर्सातलं सरकारी ज्यू थिएटर चालवायची. १९६८मध्ये पोलंडच्या कम्युनिस्टांनी ज्यूंविरुद्ध मोहीम उघडली आणि तिनं देश सोडला. त्याच वर्षी प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले. कादार देश सोडून गेला, राडोकही गेला.

‘म्हणजे आमचंच खरं!’ राजवटीबद्दल, हो. सिनेमाबद्दल म्हणाल तर मी पुन्हा त्या सुतारापाशी येतो, आणि तिथंच अडकतो.