तुम्ही विचारलंत म्हणून: प्यायला तो, मारलं त्यानं, मग दुकानाचा काय संबंध?

गेली अठरा वर्षे मी कोल्हापुरात एका कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. राजारामपुरीतल्या महिला मंडळात बोलायला गेले काय आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री कामगारांपुढे उभी राहिले काय, शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई, प्यायला तो, हात उगारला त्याने, मग तुम्ही दुकानाला आणि सरकारला कशाला मध्ये ओढता? शेजारचाही पितो की, तो कुठे बायकोला मारतो?" विचारणारे बहुतेक वेळा सज्जन असतात आणि प्रश्नाचा उत्तरार्ध तर खराच असतो, म्हणून दोन वाक्यांत उडवून न लावता जरा सविस्तर लिहिते.

मारणाऱ्याची जबाबदारी मी तसूभरही कमी करत नाही, हे आधीच सांगून टाकते. "दारूनं केलं, म्याडम" हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. असे म्हणणारा माणूस प्यालेला असतानाही मुकादमाला उलट बोलत नाही, पोलीस दिसला तर हात जोडतो, आणि घराचा उंबरा ओलांडल्यावरच त्याचा तोल जातो. बायकोवर हात टाकण्याची मुभा त्याला बाटलीने दिलेली नसते. ती त्याच्यापाशी लहानपणापासून असते. तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्यांचे नवरे वारंवार झिंगून येतात अशा सुमारे 70 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले, आणि न पिणाऱ्यांच्या बायकांत हे प्रमाण पाव हिश्श्याहून कमी निघाले. म्हणजे न पिणाऱ्याच्या घरातही मार आहे, आणि नवरा वारंवार झिंगून येत असेल तर त्याचे प्रमाण जवळपास तिप्पट होते.

आता त्या प्रश्नामागच्या विचाराकडे येते. 1991 नंतर आपण ज्याला 'खाउजा' (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) म्हणू लागलो तो केवळ आयात-निर्यातीचा आणि सरकारी कारखाने विकण्याचा मामला नव्हता; त्याच्याबरोबर माणसाकडे बघण्याची एक रीतही आली, जिला अभ्यासक नवउदारमतवाद म्हणतात. या रीतीप्रमाणे प्रत्येक जण आपापल्या निवडीचा धनी असतो, बाजाराने माल मांडायचा असतो, सरकारने बाजाराच्या वाटेतले अडथळे काढायचे असतात, आणि ज्याची निवड चुकली त्याने ती निस्तरायची असते. बेरोजगाराला कौशल्याचे आणि कर्जात बुडालेल्याला नियोजनाचे धडे देणारी ही रीत दारूपाशी आली की 'जबाबदारीने प्या' असे सांगते. मद्यकंपन्यांना हे वाक्य मानवते, कारण त्यात किमतीबद्दल, दुकानांच्या संख्येबद्दल किंवा ती बंद करण्याच्या वेळेबद्दल अवाक्षर नसते.

ही रीत मी केवळ इतरांच्या माथी मारत नाही, कारण माझ्या स्वतःच्या टेबलावर ती बरीच वर्षे ठाण मांडून होती. आमच्या केंद्रात 'सुरक्षा आराखडा' नावाचा एक कागद असतो. धोका कधी वाढतो, मुलांना कुठे पाठवाल, कागदपत्रे कुठे ठेवाल, कोणाला फोन कराल, असे प्रश्न विचारून तो स्त्रीबरोबर बसून भरायचा असतो. काही वर्षांपूर्वी उचगावच्या बाजूने येणाऱ्या एका बाईंबरोबर मी तो भरला होता. वर्षभराने त्या पुन्हा आल्या, तेव्हा चार घड्या घातलेला तोच कागद त्यांनी ब्लाउजमधून काढला आणि टेबलावर सपाट केला. घड्यांवर शाई पुसली होती. "सगळं तुमी सांगितल्यापरमानं करतो, ताई," त्या म्हणाल्या. "साडेसहाला पोरं शेजारी धाडतो. वरवंटा कॉटखाली सारतो. अन् शंभराची नोट देव्हाऱ्यापुढं ठेवतो, म्हंजे मागायला अंगावर येत न्हाई." नोट मी सुचवली नव्हती, ती भर त्यांची स्वतःची होती. पण वर्षभर त्या घरात एकच माणूस शिस्तीने, वेळापत्रक लावून, जोखीम मोजून वागत होता, आणि ती मार खाणारी बाई होती. त्या वर्षात तिला दोनदा मार बसला होता, आणि मी तिला काय विचारावे? "त्या दिवशी पोरं पाठवायला उशीर झाला का?" प्रश्न माझ्या तोंडून निघून गेल्यावर मला तो ऐकू आला.

आराखडा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. रात्री आठ वाजता उपयोगी पडणारे दुसरे काहीच हाताशी नसते, म्हणून तो मी आजही भरते. मात्र कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005चा कायदा हाताशी असूनही प्रत्यक्ष मदत अशी कागदाच्या घडीपुरती उरते आणि बाकीचे काम बाईनेच करायचे असते, हे आपल्याला खटकत नाही. नवऱ्याचे व्यसन सोडवायचे तर खासगी केंद्राची फी भरायला बोरमाळही तिचीच मोडते, आणि तिथून तो परतला की केंद्राच्या कागदावर त्याच्या यकृताची नोंद असते, तिच्या मोडलेल्या मनगटाची नसते.

गावपातळीवरही हेच दिसते. 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने कितीतरी बांधाचे वाद मिटवले, ते चांगलेच झाले. पण गावात तंटे उरले नाहीत म्हणून बक्षीस मिळणार असेल, तर नवऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन उभी राहिलेली बाई गावाच्या गुणांमध्ये घट ठरते. "ताई, जरा समजुतीनं घ्या, पाच-सहा महिन्यांचाच प्रश्न हाय" असे एका समितीच्या सदस्याने मला ऐकवले आहे.

दुकानाच्या बाबतीत बायकांना एक अधिकार आहे, तो म्हणजे बाटली आडवी करण्याचा, अर्थात मतदानाने दारूचे दुकान बंद पाडण्याचा. 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग गुप्त मतदान होते. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाचे बहुमत पुरत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. बाळंतपणाला माहेरी गेलेली, पुण्याला पोराकडे राहणारी आणि यादीतून नाव कमी न झालेली मृत म्हातारी, या तिघींची मते आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जातात. आमदार निवडताना आपण एवढी कडक अट घातली असती तर विधानसभेतल्या किती खुर्च्या भरल्या असत्या कोण जाणे.

याच वेळी राज्याच्या हिशेबाची दुसरी वहीही बघावी. राज्यघटनेचे 47वे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी सरकारने प्रयत्न करावेत असे सांगते, 1949च्या कायद्याच्या नावातच दारूबंदी आहे, आणि तिजोरीला मात्र उत्पादन शुल्क हवे असते. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे 14,000 कोटी रुपयांची भर पडेल, असे सांगण्यात आले. किंमत वाढली की पिणे कमी होते, हे जगभर मान्य झालेले आहे, म्हणून मला बरेच वाटले असते. पण त्याच निर्णयात धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार आला, 180 मिलीला किमान 148 रुपये अशा भावाने, म्हणजे देशीच्या 80 रुपयांच्या आणि विदेशीच्या 205 रुपयांच्या मधला जिना तयार झाला. गिऱ्हाईक महागाईने दुकानाबाहेर जाऊ नये, याची एवढी काळजी घेतलेली पाहून मला देव्हाऱ्यापुढची ती शंभराची नोट आठवली.

दुकानाचा आणि मारहाणीचा संबंध असतो का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहराने दिलेले आहे. 2008 मध्ये तिथल्या मध्यवर्ती भागातले बार पहाटे पाचऐवजी साडेतीनच्या आत बंद करायला लावले, आणि रात्रीच्या मारामाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक घटल्या. माणसे तीच होती, त्यांचे संस्कारही तेच होते, बदलली ती बारची वेळ आणि विक्रीचे नियम. सिडनीत 2014 मध्ये असेच निर्बंध आले, पण रात्रीच्या अर्थव्यवस्थेचे नुकसान होते या ओरडीपुढे 2020-21 मध्ये ते मागे घेतले गेले. नशेत एका ठोशात जीव घेणाऱ्याला किमान आठ वर्षे कैद देणारी तरतूदही तिथे 2014चीच. बाजार मोकळा ठेवायचा आणि एकट्या माणसाला जबर शिक्षा करायची, या दोन गोष्टी एकमेकींना छान पूरक ठरतात. अर्थात तिथला प्रश्न रस्त्यावरच्या मारामारीचा होता. आमच्याकडचा बार अकराला बंद झाला तरी त्यातला माणूस तेव्हाच घरी पोहोचतो, त्यामुळे वेळ कमी केली की आपोआप सगळे भागेल असा दावा मी करत नाही.

यावर लोक लगेच विचारतात, मग तुम्हाला दारूबंदी हवी का? नको. चंद्रपुरात 2015 साली केलेली बंदी अवैध विक्रीच्या कारणाने 2021 मध्ये उठवावी लागली, आणि गावठीने आंधळे झालेले लोक मी पाहिले आहेत. बंदी आणि मोकळे रान यांच्यामध्ये भाव, वेळ, दुकानांमधले अंतर, उधारीवर बंदी, अशी बरीच जागा आहे आणि तिथे काम करण्यासाठी सरकारच लागते. याच कोल्हापुरात 1919 साली शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा केला, म्हणजे घरातला मार हा राज्याचा विषय आहे, हे या गावाने दिल्लीच्या 2005च्या कायद्याच्या 86 वर्षे आधी ऐकलेले आहे.

गेल्या दोन वर्षांपासून आराखड्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी स्वतःच्या हाताने तीन प्रश्न लिहिते: दुकान घरापासून किती लांब, किती वाजता उघडते, उधारी देते का. बायकांना उत्तरे तोंडपाठ असतात. अंतर त्या मीटरमध्ये सांगत नाहीत. "जाताना पाच मिन्टं, येताना अर्धा तास" असे सांगतात. असे साठेक कागद जमल्यावर मी ते एका बैठकीला घेऊन गेले. महिलांच्या संरक्षणाचे काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते चाळले आणि दुकानांचा विषय दुसऱ्या खात्याचा आहे, असे सांगितले. दुसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी चहा दिला, कागद शेवटपर्यंत वाचले, आणि नवऱ्या-बायकोच्या भांडणाचा विषय पहिल्या खात्याचा आहे, असे सांगितले. कागद सध्या माझ्याच कपाटात आहेत.