इतिहासाच्या सरांचं बेसबॉल बँक्वेट

गॅदरिंग म्हटलं की आमच्या पिढीला फिशपाँड, नाटुकली आणि हमखास उशिरा येणारे प्रमुख पाहुणे आठवतात. त्यामुळे इकडे न्यू जर्सीत मुलाच्या हायस्कूलच्या बेसबॉल टीमचं सीझन संपल्यावर बँक्वेट असतं म्हटल्यावर आम्ही नवराबायको पहिल्या वर्षी चांगले नटूनथटून गेलो, तर तिथे शाळेचं कॅफेटेरिया, कागदी प्लेटा, ॲल्युमिनियमच्या ट्रेमधला झीटी पास्ता आणि सगळे आईबाप अर्ध्या चड्डीत. पुढच्या वर्षीपासून आम्ही बटाटेवडे न्यायला लागलो आणि ते झीटीच्या आधी संपायचे, हे सांगितलंच पाहिजे.

कोच म्हणजे मुलांचे इतिहासाचे सर. आपल्या शाळेत पीटीचे सर वेगळे आणि इतिहासाच्या बाई वेगळ्या, इथे हाच माणूस सकाळी सिव्हिल वॉर शिकवणार आणि शाळा सुटली की टोपी घालून ग्राउंडवर, पाऊस पडून गेला असेल तर स्वतःच रेक घेऊन माती सारखी करणार, चुन्याच्या रेघा मारणार. कोचिंगचे वेगळे पैसे मिळतात म्हणे, पण मार्चच्या थंडीत, जेव्हा बॅटला बॉल लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, तेव्हापासूनचे तास धरले तर ते पैसे म्हणजे चहापाणीच. असं तीसेक वर्षं केलं त्यांनी.

पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, हात दुखावू नये म्हणून किती बॉल टाकायचे याची मर्यादा घालणं हायस्कूल बेसबॉलमध्ये राज्याराज्यांना २०१७ पासून बंधनकारक झालं, पण हे गृहस्थ त्याच्या कितीतरी आधीपासून हातातल्या क्लिकरवर बॉल मोजायचे. हायस्कूलची मॅच सात इनिंगची, सातवी चालू, एका रनचा लीड, आणि हे शांतपणे जाऊन चांगल्या पिचरला बाहेर काढणार! स्टँडमधून आईबाप काय काय ओरडायचे. ते मागे वळून बघायचेसुद्धा नाहीत.

बँक्वेटचं खरं आकर्षण म्हणजे त्यांचं भाषण, आणि ते लांबलचक असायचं. सुरुवात दरवर्षी न्यू जर्सीतल्याच होबोकेनपासून, म्हणजे १९ जून १८४६, एलिशियन फील्ड्स हे मैदान, न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने स्वतःच बेसबॉलचे नियम लिहिले आणि त्याच नियमांनी खेळून २३-१ असा सपाटून मार खाल्ला. हे सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की आम्हालाही हसावं लागायचं. मग जर्सी सिटी, १८ एप्रिल १९४६, जॅकी रॉबिन्सन, म्हणजे पुढे मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू, माँट्रियलच्या मायनर लीग टीमकडून पहिली मॅच खेळला, चार हिट्स, त्यात एक होमरन. मेजर लीगमध्ये ब्रुकलिनच्या टीमकडून खेळायच्या वर्षभर आधी तो आपल्या न्यू जर्सीत खेळून गेलाय, हे सांगताना आवाज एकदम बदलायचा, आणि तेवढा वेळ मुलं फोन खाली ठेवायची.

त्यानंतर एकेका मुलाला पुढे बोलवायचे. ज्याचं नाव लोकल पेपरात येऊन गेलंय त्याचं अर्ध्या मिनिटात उरकायचं आणि सीझनभर बेंचवर बसलेल्याचं पाच मिनिटं चालायचं, हा समोरच्या टीमच्या कॅचरने पिचरला केलेल्या खुणा कशा ओळखायचा, तो हरल्यावर सगळी हेल्मेटं कशी गोळा करायचा. आमच्या चिरंजीवांना आजोबांनी सांगलीच्या अंगणात टेनिस बॉलवर बॅटिंग शिकवलेली, त्यामुळे पायाशी आलेला बॉल दिसला की हा वाकून खेळणारच. कोच म्हणाले, आयुष्यभर मुलांना सांगत आलो की गुडघ्याखालचा बॉल सोडा, हा एकटाच असा की ज्याला सांगायचं मी बंद केलं! बायको अजून ते सगळ्यांना सांगते.

मंडळाच्या गणपतीला बोलावलं की कोचही यायचे, मोदक आवडीने खायचे आणि आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवायचे, तालाचं मात्र विचारू नका.

रिटायर झाले त्या वर्षी कॅफेटेरिया पुरलं नाही, हॉल घ्यावा लागला, कारण जुनी 'मुलं' आली, काहींना टक्कल, काहींच्या कडेवर पोरं. भाषण पाच मिनिटांत संपवायचं अशी या जुन्या मुलांनी अट घातलेली. कोचनी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली, चष्मा पुसला आणि १८४६ पासून सुरुवात केली.